जुनी सायकल कशी वाचावी



या व्यासपीठावरून आजवर शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि मूर्ती यांवर व्याख्याने झाली आहेत. त्या पंक्तीत सायकलीला पाट मांडू दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते विद्यार्थ्यांना एक गोष्ट सतत सांगत: वस्तू आधी नीट बघा, तिच्याबद्दल लोक काय म्हणतात ते नंतर ऐका. आजचा विषय त्या शिकवणुकीच्या कसोटीला लावण्याजोगा आहे, म्हणूनच मी तो निवडला.

आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या ओट्यांवर, गोठ्यांच्या कडेला, माळ्यांवर अजूनही शेकडो काळ्या सायकली पडून आहेत. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, गिरणी कामगार आणि तलाठी यांच्या त्या सायकली. सामान्य माणसाने स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली, स्वतः वापरलेली आणि स्वतः दुरुस्त केलेली यंत्रे आपल्या समाजात फार नव्हती. घड्याळ आणि शिवणयंत्र सोडले तर सायकल हेच त्यांतले प्रमुख. म्हणून ती इतिहासाचे साधन आहे, आणि साधनाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय ते वापरता येत नाही: हे कोणी केले, आणि कधी केले?

मला आज मुख्यतः एवढेच सांगायचे आहे की या दोन्ही प्रश्नांची जी उत्तरे सायकल स्वतःहून पुढे करते, ती घाईने स्वीकारू नयेत. सायकलीवर कोरलेले नाव कर्त्याचेच असेल असे नाही. आणि सायकलीला एकच वय नसते. तिच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र वय असते.

सायकलीच्या इतिहासात नावे आणि वर्षे किती सहज चिकटतात, हे आधी पाहू. अनेक वर्षे पुस्तकांतून असे शिकवले गेले की १७९१ मध्ये द सिव्राक नावाच्या फ्रेंच सरदाराने दोन चाकांचे लाकडी वाहन केले आणि ती सायकलीची पहिली आवृत्ती. हा सरदार कधी झालाच नव्हता. १८९१ मध्ये बोद्री द सोनिए या फ्रेंच लेखकाने सायकलीचा इतिहास लिहिला आणि त्यात ही कथा घातली. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातल्या वैराचा तो काळ होता. मानहाइमच्या कार्ल फोन ड्राइस या जर्मनाने १८१७ मध्ये पायांनी ढकलण्याचे दुचाकी यंत्र चालवून दाखवले होते. त्याच्या आधीचा एखादा फ्रेंच माणूस मिळाला तर हवाच होता.

दुसरी गोष्ट त्याहून प्रसिद्ध आहे. १९७४ मध्ये ऑगुस्तो मारिनोनी या इटालियन अभ्यासकाने लिओनार्दो दा विंची याच्या कोडेक्स अटलांटिकस या संग्रहातल्या एका पानामागचे सायकलीचे चित्र जगापुढे आणले. त्यात दोन चाके, पायडल आणि साखळी आहे. ते लिओनार्दोच्या शिष्याने काढले असावे, असे सांगण्यात आले. पण त्याआधी, १९६१ मध्ये, कार्लो पेद्रेत्ती यांनी तेच चिकटवलेले पान दिव्यासमोर धरून पाहिले होते. त्यांना तिथे फक्त दोन वर्तुळे आणि काही रेषा दिसल्या होत्या. साठच्या दशकात पाने सोडवून त्यांची दुरुस्ती झाली, आणि त्यानंतर वर्तुळांच्या जागी सायकल आली. जर्मन अभ्यासक हान्स-एरहार्ड लेसिंग यांनी १९९७ मध्ये हे चित्र नंतर घातलेले आहे, असा सविस्तर युक्तिवाद केला. मला तो पटतो. एखादे यंत्र आपल्याला हवे तितके जुने असावे असे वाटले की पुरावा कुठून ना कुठून उगवतो. ही प्रवृत्ती पॅरिसमध्ये होती, मिलानमध्ये होती, आणि आपल्या गावातल्या माळ्यावरही आहे.

आता ठळक टप्पे थोडक्यात सांगतो. त्यांच्यावरून दहा-वीस वर्षांच्या फरकाने काळ ओळखता येतो, त्याहून बारकाईने नाही. पुढच्या चाकाला थेट पायडल असलेली, लाकडी चाकांना लोखंडी धाव बसवलेली यंत्रे पॅरिसच्या मिशोंच्या काळातली, म्हणजे १८६० च्या दशकातली. पिएर लालमाँ या फ्रेंच कारागिराने अशाच यंत्राचे अमेरिकी पेटंट २० नोव्हेंबर १८६६ रोजी घेतले. त्यामुळे पहिला मान मिशोंचा की लालमाँचा हा वाद आजतागायत चालू आहे. पुढचे चाक उंच आणि मागचे छोटे अशी यंत्रे सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतली. त्यांच्यात आरे सरळ तुंब्याच्या मध्याकडे गेलेले असतील तर जुनी घडण. आरे एकमेकांना छेदून, तुंब्याला स्पर्शून जात असतील, तर ती कोव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीनंतरची घडण. १८८५ मध्ये स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर आली. तिला जवळजवळ सारखी दोन चाके होती आणि मागच्या चाकाला साखळी होती. आज आपण जिला सायकल म्हणतो ती तिथून सुरू होते. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने हवेचे टायर आणले आणि काही वर्षांतच भरीव रबराची धाव मागे पडली. १९०० च्या आसपास फ्रीव्हील रूढ झाले. त्याआधी चाक फिरत असताना पायडलही फिरतच राहायचे.

उंच चाकाच्या सायकलीबद्दल एक इशारा द्यायला हवा. हॉटेलांच्या दारात आणि बंगल्यांच्या अंगणात आज ज्या उंच चाकाच्या सायकली उभ्या दिसतात, त्यांतल्या बहुतेक शोभेसाठी अलीकडे केलेल्या आहेत. खऱ्या यंत्राची पाठीची नळी वरून खाली निमुळती होत गेलेली असते, पुढच्या चाकाच्या चिमट्याची पाती पोकळ आणि चपटी असतात, आणि सगळे यंत्र त्याच्या आकाराच्या मानाने हलके असते. शोभेच्या प्रतीत एकाच जाडीचा बाजारचा पाइप वाकवलेला असतो आणि सांध्यावर आजच्या वेल्डिंगची लहर दिसते. सांधा आधी पाहावा, गंज नंतर. गंज आठ दिवसांतही चढवता येतो.

आपल्या घरांतल्या सायकली मात्र या काळातल्या नाहीत. त्या विसाव्या शतकातल्या आहेत, आणि त्यांचा काळ ठरवणे उंच चाकाच्या सायकलीपेक्षा अवघड आहे. याचे कारण सोपे आहे. सळीचे ब्रेक, २८ इंची चाके, आडवा दांडा, काळा रंग आणि सोनेरी रेघ असलेली ही विलायती रोडस्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जशी स्थिरावली, तशीच पुढे पाऊणशे वर्षे होत राहिली. आधी इंग्लंडात आणि मग भारतात. १९२५ ची सायकल आणि १९६५ ची सायकल दहा पावलांवरून सारख्या दिसतात. म्हणून जवळ जाऊन, गुडघ्यावर बसून बघावे लागते.

पहिला प्रश्न नावाचा. चेनव्हीलवर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसल्या की कोणीही म्हणतो, ही बीएसए. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही १८६१ मध्ये स्थापन झालेली बंदुकांची कंपनी, आणि तीन बंदुका ही तिची खूण. हे खरे आहे. पण बीएसए पूर्ण सायकली करायची तशीच सायकलीचे सुटे भागही करायची, आणि त्या भागांचा दर्जा इतका नावाजलेला होता की इंग्लंडातले गावोगावचे छोटे कारागीर बीएसएचे लग (नळ्या जोडणारे सांधे), हब, क्रँक आणि चेनव्हील विकत घेऊन त्यांवर आपली सायकल बांधत आणि तिला आपले नाव देत. अशा सायकलीचा प्रत्येक सांधा बीएसएचा असू शकतो, पण ती बांधणारे हात दुसऱ्याच कुणाचे. तेव्हा तीन बंदुका दिसल्या तर एवढेच सिद्ध होते की हा भाग बीएसएचा आहे. बंदुका फ्रेमच्या पुढच्या नळीवरच्या पट्टीवरही असतील आणि फ्रेमवर ठोकलेल्या क्रमांकाची घडणही जुळत असेल, तर पुढे बोलता येते.

नाव आणि कर्ता यांच्यातली तफावत फार खोलवर जाते. जगभर तीन गिअरचे जे हब स्टर्मी-आर्चर म्हणून ओळखले गेले, त्याची मूळ रचना विल्यम रायली या कारागिराची. आधीच्या कंपनीशी झालेल्या करारात तो अडकला होता, त्यामुळे त्याला स्वतःच्या नावावर पेटंट घेता आले नाही. ते जेम्स आर्चरच्या नावावर निघाले. हेन्री स्टर्मी या दुसऱ्या संशोधकाचे नाव त्याला जोडले गेले. लाखो हबांवर दोन नावे उमटली, रायलीचे एकाही हबवर नाही. अशा माणसाला त्याचे श्रेय देणे हे वस्तू वाचणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे मी मानतो.

मग विकणाऱ्याचे नाव. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलीच्या दुकानाने केली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी पुढची. त्या काळात विक्रेता हाच गिऱ्हाइकाचा कारखाना होता. गिऱ्हाइकाने बर्मिंगहॅम पाहिलेले नसे, पण दुकानदाराला तो ओळखत असे. पुढे दुकानदार आपल्या नावाची छोटी चिठ्ठी किंवा पितळी पट्टी सायकलीला लावू लागले. मागच्या उभ्या नळीवर किंवा मडगार्डवर असे नाव सापडले तर ते जपून नोंदवावे, कारण स्थानिक व्यापाराचा तो उत्तम पुरावा आहे. पण त्या नावाला कर्ता समजू नये.

आणखी एक गुंता म्हणजे कारखाने एकमेकांना विकले गेले. हंबरचा सायकलींचा व्यवसाय १९३२ मध्ये नॉटिंगहॅमच्या रॅलेकडे गेला. बीएसएच्या सायकलीही १९५७ मध्ये रॅलेकडे गेल्या. नावे टिकली, पट्ट्या टिकल्या, पण भट्टी बदलली. स्वातंत्र्यानंतर हीच नावे भारतात उतरली. पश्चिम बंगालमध्ये आसनसोलजवळ कन्यापूरला सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टीआय सायकल्सने हर्क्युलस काढली. त्यामुळे पुढच्या नळीवर रॅलेचा बगळा असलेली सायकल नॉटिंगहॅमची असेल किंवा आसनसोलची, आणि हर्क्युलस बर्मिंगहॅमची असेल किंवा अंबत्तूरची. घरातले लोक दोन्हींना विलायती म्हणतात. आसनसोलच्या सायकलीला नॉटिंगहॅमची म्हटल्याने तिची किंमत वाढते असे समजणाऱ्यांशी माझे तीव्र मतभेद आहेत. नव्या देशातल्या कामगारांनी घडवलेली पहिली यंत्रे म्हणून त्या सायकली अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाच्या आहेत.

मुंबईचाही यात मोठा वाटा आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करणारा कायदा संसदेने १९८० मध्ये केला, आणि मुंबईचा कारखाना नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशनकडे गेला. वरळीत बनलेली सायकल आज कोणी दाखवली तर मी मैलोन् मैल प्रवास करून ती पाहायला जाईन.

आता वयाचा प्रश्न. काळ ठरवताना आधार फ्रेमचा घ्यावा. टायर, सीट, पायडल, मडगार्ड, चेन या गोष्टी झिजतात आणि बदलल्या जातात; फ्रेम सहसा बदलत नाही. यादवकालीन मंदिराचा दगड पुढे गावाच्या वेशीत बसवलेला सापडला तर आपण वेस यादवकालीन ठरवत नाही. सायकलीतही तीच शिस्त पाळावी. जुन्या काळचा एखादा भाग सापडला म्हणून सायकल तितकी जुनी ठरत नाही. उलट, मूळचाच आहे असे दाखवता येणाऱ्या भागांपैकी जो सर्वांत नवा, त्याच्या आधी ती सायकल झालेली नाही, हे मात्र नक्की.

फ्रेमवर क्रमांक ठोकलेला असतो. तो बहुधा सीटखालच्या लगवर, किंवा क्रँकचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो तिच्या खालच्या बाजूला असतो. शेणमाती, तेल आणि रंगाचे थर हलकेच काढले की तो दिसतो. लोकांची समजूत अशी की क्रमांक मिळाला की वर्ष मिळाले. तसे नसते. क्रमांकाला अर्थ देणारी वही कारखान्यात असते, आणि त्या वह्यांपैकी बऱ्याच आज नाहीत. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कोव्हेंट्रीवर बॉम्ब पडले. त्यानंतर पाचच दिवसांनी बर्मिंगहॅममधला बीएसएचा कारखाना बॉम्बखाली सापडला आणि ५३ कामगार मेले. अशा शहरांतली प्रत्येक नोंदवही शाबूत मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये. ज्या उरल्या, त्यांच्यावरून आणि ज्यांची खरेदीची पावती जपली गेली आहे अशा सायकलींच्या क्रमांकांवरून अभ्यासकांनी कोष्टके जुळवली आहेत. ब्रिटनमधला व्हेटरन सायकल क्लब १९५५ पासून हे काम करतो आहे, आणि त्याच्याकडे एकेका नाममुद्रेचे जाणकार आहेत. म्हणून क्रमांक लिहून घ्यावा, त्याचा फोटो घ्यावा, आणि वर्ष मात्र इतर पुराव्यांशी ताडून बघावे.

स्टर्मी-आर्चरच्या हबवर साक्षच कोरलेली असते. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून हबच्या कवचावर वर्षाचा आकडा ठोकला जाऊ लागला, आणि पुढच्या हबांवर वर्षाबरोबर महिनाही असतो. एडब्ल्यू या अक्षरांनंतर ५२ आणि ६ असे आकडे दिसले तर तो हब जून १९५२ चा. एडब्ल्यू हा प्रकारच १९३६ मध्ये आला, त्यामुळे त्याआधीच्या म्हणवल्या जाणाऱ्या सायकलीवर तो दिसला तर हब नंतर बसवला आहे, किंवा सायकलीचे सांगितलेले वर्ष चुकीचे आहे. मागचे चाक सहज बदलता येते, म्हणून हबचे वर्ष हे हबचेच वर्ष समजावे. आऱ्यांची झीज, रिमचा रंग आणि फ्रेमचा रंग एकमेकांशी जुळले, तरच ते सायकलीला लावावे.

मुलामाही बोलतो. १९३० च्या आधीचा मुलामा बहुधा निकेलचा असतो. त्याला किंचित पिवळसर उबदार झाक असते आणि तो हळूहळू मंद होतो. क्रोमची झाक निळसर आणि थंड असते. चेनचे माप घ्यावे. दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असेल तर काही सिद्ध होत नाही, पण चेनव्हीलचे दात विरळ असून ते एक इंचाच्या चेनसाठी कापलेले असतील, तर तो भाग बहुधा फार जुना आहे. आणि ज्यांच्याकडे आटे मोजायची पट्टी आहे, त्यांनी क्रँकच्या घराचे आटे मोजावेत. इंग्रजी सायकलींत साधारणपणे इंचाला २४ आटे असतात, रॅलेच्या कारखान्याने मात्र स्वतःचे २६ आटे ठेवले. नावाची पट्टी गेली, रंग गेला, क्रमांक झिजला, तरी आटे बदलत नाहीत. इतका निःशब्द आणि इतका ठाम पुरावा मला दुसऱ्या कुठल्या जुन्या वस्तूत भेटलेला नाही.

हे सगळे एका उदाहरणात एकत्र कसे येते ते सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी एका कुटुंबाने मला सायकल दाखवली. सगळा गाव तिला बीएसए म्हणत होता, कारण चेनव्हीलवर तीन बंदुका होत्या. घरच्यांचे म्हणणे असे की पणजोबांनी ती पहिल्या महायुद्धाच्या आधी मुंबईहून आणली. पुढच्या नळीवरची पट्टी नव्हती, फक्त रिव्हेटांची दोन भोके उरली होती.

मी चेनव्हील सोडून आधी चिमटा पाहिला. चिमट्याच्या प्रत्येक बाजूला एका जाड पात्याऐवजी दोन बारीक नळ्या शेजारीशेजारी खाली गेल्या होत्या. ही हंबरची ओळख. थॉमस हंबर हा नॉटिंगहॅमचा, आणि त्याच्या कंपनीचा हा दुहेरी चिमटा दुरूनही कळतो. चिमटा बदललेला असू शकतो म्हणून मागचे दांडे पाहिले. तेही त्याच पद्धतीचे दुहेरी होते. मागचे दांडे फ्रेमला भट्टीत पितळेने जोडलेले असतात, ते गावातल्या दुकानात बदलत नाहीत. म्हणजे फ्रेम हंबरची. बीएसएचे चेनव्हील आणि क्रँक दुरुस्तीत आले होते. तसे होणे अगदी नैसर्गिक आहे, कारण आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात बीएसएचा माल मिळायचा, हंबरचा नाही.

मग क्रँकचे घर उघडले. आटे इंचाला २६ निघाले. दुहेरी चिमटा हंबरचा आणि आटे रॅलेचे, म्हणजे ही सायकल हंबर रॅलेकडे गेल्यानंतरची असण्याची शक्यता फार मोठी. १९३२ च्या नंतरची. हँडल क्रोमचे होते. ते त्याच्याशी जुळत होते, पण हँडल बदलता येते म्हणून त्याला मी कमी वजन दिले.

वरची मर्यादा मिळाली ती नगरपालिकेच्या बिल्ल्यामुळे. सायकलींवर कर होता तेव्हा नगरपालिका दरवर्षी वर्ष छापलेला पत्र्याचा बिल्ला देत. या सायकलीच्या सीटखालच्या नळीला एक पत्र्याची पट्टी आवळलेली होती आणि तिच्यावर १९४६-४७ चा बिल्ला होता. बिल्ला एका सायकलीवरून दुसरीवर जाऊ शकतो. पण ही पट्टी सैल केल्यावर तिच्याखाली मूळ काळा रंग आणि सोन्याची बारीक रेघ जशीच्या तशी निघाली. बाकी सगळ्या फ्रेमवर घरगुती रंगाचे हात होते. म्हणजे पहिला घरगुती रंग लागण्याच्या आधी ती पट्टी तिथे होती. मी कुटुंबाला लेखी कळवले: फ्रेम हंबरची, नॉटिंगहॅमला रॅलेच्या कारखान्यात झालेली असण्याची दाट शक्यता, काळ १९३२ ते १९४७ च्या दरम्यान, चेनव्हील आणि क्रँक बीएसएचे, नंतरचे, सीट आणि मागचे मडगार्ड भारतीय.

पणजोबांच्या गोष्टीचे काय? त्या घरात एक फोटो होता. पणजोबा सायकल धरून उभे आहेत, फेटा बांधलेला. त्या फोटोतली सायकल मी भिंगाखाली पाहिली. तिचा चिमटा एकेरी आहे, आणि पुढचा ब्रेक हँडलवरून खाली येऊन थेट टायरवर चमच्यासारखा दाबतो. ही घडण खरोखरच पहिल्या महायुद्धाच्या आधीची. म्हणजे कुटुंबाची आठवण खोटी नव्हती. घरात दोन सायकली होऊन गेल्या होत्या आणि आठवणीत त्यांची एक झाली होती. घरातल्या आजींनी हे ऐकल्यावर लगेच सांगितले की एक सायकल चोरीला गेल्याचे त्यांच्या सासूबाई बोलत असत. वस्तू नीट वाचली नसती तर ही दुसरी सायकल कायमची हरवली असती.

इथे मला तळमळीने एक बोलायचे आहे. त्या पट्टीखालचा दोन बोटांएवढा मूळ रंग उरला नसता तर हा निष्कर्ष निघाला नसता. आज जुन्या सायकली हौसेने गोळा केल्या जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय उभे राहिले आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकल आपल्याला पाहता येते. पण हौसेबरोबर एक वाईट रीतही आली आहे. सायकल मिळाली की आधी ती रंगाच्या दुकानात जाते, घासून पत्र्यापर्यंत नेली जाते, बिल्ल्याची पट्टी कचऱ्यात जाते, निकेलवर नवे क्रोम चढते, आणि बाजारातून आणलेली चकचकीत पट्टी पुढच्या नळीला बसते. त्या क्षणी ती सायकल सुंदर होते आणि मुकी होते. शिलालेख छिन्नीने गुळगुळीत करून त्यावर नवी अक्षरे कोरायला आपण कोणी धजणार नाही. मग ज्या वस्तूवर आपल्याच आजोबांच्या हातची झीज आहे, तिच्यावर हा प्रयोग का करावा?

काळ सांगताना आकड्याचा मोहही आवरायला हवा. १९३२ ते १९४७ असे उत्तर दिले की लोकांचे समाधान होत नाही. त्यांना १९३६ हवे असते. जिथे पुरावा पंधरा वर्षांचा आहे तिथे पंधराच वर्षे सांगावीत. विक्रेता एक साल सांगतो, घरचे दुसरे सांगतात. अभ्यासकाने दोन्ही ऐकून घ्यावीत आणि वहीत वेगळ्या रकान्यात, सांगणाऱ्याच्या नावासह लिहावीत.

श्रोतेहो, माझी आपल्याला विनंती आहे. आपल्या घरी, आजोळी, सासरी, गावच्या शाळेत किंवा देवळाच्या ओवरीत एखादी जुनी सायकल असेल, तर या दिवाळीच्या सुटीत तिच्यापाशी एक तास बसा. काही पुसू नका, काही सोडवू नका, रंग तर मुळीच लावू नका. ओल्या फडक्याऐवजी कोरडा मऊ ब्रश वापरा. पुढच्या नळीचा, चिमट्याचा, चेनव्हीलचा, मागच्या हबचा, सीटखालच्या लगचा आणि क्रँकच्या घराच्या खालच्या बाजूचा फोटो काढा. क्रमांक सापडला तर कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल फिरवा, म्हणजे ठसा उमटेल. घरात पावती, बिल्ला किंवा सायकलीसह काढलेला जुना फोटो असेल तर तो तिच्याजवळच ठेवा. आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की ही सायकल कोणाची, कुठून आली, आणि हिच्या आधी दुसरी होती का. ते उत्तर आजच लिहून घ्या.